निवडून पाठवलेला बोर्ड

३ मार्च

छोट्यास,

तुझ्या कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेला नवा मदरबोर्ड गेले काही दिवस माझ्या टेबलावर उघडा पडला आहे. त्याच्यापायी माझा स्वतःचा कॉम्प्युटर मी मोडून ठेवला आहे, म्हणून हे पत्र हाताने लिहिते आहे. तसंही तुमच्याकडे परीक्षण लिहिणाऱ्यांशी फोन आणि मेसेज करायला बंदी. कागदाचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. आमच्या संपादकांना मी आधीच सांगून ठेवलंय की भाऊ तिथे नोकरीला आहे. ते म्हणाले, लेखाखाली तसं छापू, फक्त भावाचं ऐकून लिहू नका. मी म्हटलं, त्याचं लहानपणापासून कुणीच ऐकलेलं नाही.

महागड्या बोर्डाची परीक्षा सोपी असते. एवढी किंमत घेतली आहे तर सगळं असायलाच हवं. स्वस्तातल्याचीही सोपी, चालला म्हणजे झालं. खरी परीक्षा मधल्या किमतीच्या बोर्डाची. त्याने कुठेतरी हात आखडलेला असतोच, आणि नेमका कुठे, ते शोधण्याचे मला पैसे मिळतात. तुमच्या बोर्डाने शोभेच्या दिव्यांवर हात आखडलाय, त्याबद्दल देव तुमचं भलं करो, माझ्या खोलीची जत्रा झाली नाही. बिघाड झाला तर आकडा दाखवणारी छोटी पट्टी दिलेली नाही, ती हवी होती. बाकी मेमरी पहिल्या फटक्यात पूर्ण वेगाने चालली. ग्राफिक्स कार्ड सोडवायची कळ एवढी मोठी आहे की माझंही बोट पोचतं. आणि मुख्य म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. त्याच्यावरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला मी दुपारभर राबवलं, संध्याकाळभर गेम चालू ठेवला, तरी पट्टीवर बोट टेकवून निवांत बसता येत होतं. थर्मामीटरही लावला होता, उगाच हसू नकोस. या किमतीत इतका थंड बोर्ड मी पाहिलेला नाही.

बाबांना मी हाच घ्यायला सांगितला आहे. लायसन गेल्यापासून ते खिडकीत बसून दुसऱ्यांची गाडी चालवणं बघतात आणि चुका काढतात. ट्रक चालवायच्या त्या गेमचं मी सांगितल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच आहे. चाक आणि पॅडल मी इथून पाठवलं. बोर्ड तुझ्या कंपनीचा म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही, टोपी घालून दुकानात निघाले.

तुझी ताई

९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून कॉलर ताठ झाली. तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो, कारण तुलाही आनंद होईल. गेल्या वर्षापासून परीक्षणाला जाणारे बोर्ड माझ्याकडे असतात. नवा माल आला की मी त्यातले ट्रेभर बोर्ड उचलतो, एकेक चालवून बघतो आणि सगळ्यात थंड राहील तो निवडतो. मग त्याच्या पट्ट्या सोडवून पुन्हा नीट बसवतो, स्क्रू सारखे आवळतो, बोटांचे ठसे पुसतो. तू ज्या पट्टीवर बोट ठेवलंस ती मी माझ्या हाताने बसवलेली आहे.

तू म्हणशील ही लबाडी. तसं नाही गं. सगळ्याच कंपन्या करतात. घरी पाहुणा येणार म्हटलं की आपण टवका उडालेला कप मागे ठेवतोच ना.

आणि एक. तुमच्या मासिकाचा ‘घ्यावा असा’ शिक्का मिळाला तर या वेळी मला कायम करतील, असं साहेब म्हणाले. दर वर्षी कंत्राटाची मुदत संपायच्या महिन्यात मी नोकरीच्या जाहिराती चाळत बसतो. घरमालक भाडेकरार कधी करायचा विचारतो, मी त्याला सांगतो नोकरीच्या कागदावर सही करणारे साहेब बाहेरगावी आहेत. बिचाऱ्या साहेबांना मी किती फिरवलं आहे ते त्यांना माहीत नाही. तुझ्या पत्रावरून वाटतं की हे आता संपेल. आईला अजून सांगू नकोस, ती शेजारीपाजारी सांगून मोकळी होईल.

तुझा
छोट्या

१३ मार्च

छोट्यास,

तुला वाटलं मला आनंद होईल. नाही झाला. लेख लिहून तयार होता, शिक्क्यासकट.

मी पाहुणी नाही रे. तुमच्या कपातून चहा पिऊन बाहेर जाऊन लोकांना सांगणारी बाई आहे मी, की कप चांगला आहे, घ्या. मला धड कप आणि लोकांना टवका उडालेला, म्हणजे मी बोलले ते खोटं झालं, आणि खोटं बोलले हे मला कळलंसुद्धा नाही. सगळ्या कंपन्या करतात हे मला ऐकून माहीत होतं. आमच्या धंद्यात त्यावर चहाच्या वेळी विनोद होतात. पण विनोद ऐकणं वेगळं आणि तो करणारे हात आपल्या भावाचे निघणं वेगळं.

रागावले आहे, पण तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती हे अजून ठरत नाही. निवडून घेतलेला बोर्ड म्हणजे वाईट बोर्ड असंही नाही. कदाचित ट्रेमधले बाकीचेही थोड्याफार फरकाने तसेच असतील. म्हणून मी काही ठरवायच्या आधी दुकानात जाऊन, नाव न सांगता, एक बोर्ड विकत आणते. संपादकांनी पान पुढच्या अंकावर ढकललं आहे. तोही बोर्ड तसाच थंड राहिला तर शिक्का तुझा, आणि माझी माफीही तुझी. मनापासून सांगते, तो थंड राहावा असंच मला वाटतं आहे. भाडेकराराचं वाचून मनाला लागलं.

ताई

२० मार्च

मोठीस,

बोर्ड बसवला. आपला कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आला होता, त्याने सगळी जोडणी केली, मी टॉर्च धरला. बोर्ड धाकट्याच्या कंपनीचा आहे हे दुकानदाराला सांगितलं होतं. त्याने तोंडभरून कौतुक केलं, भाव मात्र तसाच ठेवला.

खेळ फार झकास आहे. आरसे आहेत, गिअर आहेत, मागे भरलेला माल हिंदकळतो तेही कळतं. पहिल्या दिवशी तुझ्या आईला शेजारी बसवून फिरवून आणलं. ती म्हणाली, खऱ्या ट्रकमध्ये इतकी वर्षं कधी बसवलं नाहीत.

सध्या काही दिवस बंद ठेवला आहे. सुरुवातीला चांगला चालवतो, पण घाट लागेपर्यंत माझा हात उशिरा पडायला लागतो. वळण येऊन जातं आणि मग गाडी वळते. चाक तर मी वेळेवर फिरवतो असं मला वाटतं, पण पडद्यावर दिसतं ते खरं. थोडा वेळ बंद करून बसलं की पुन्हा जमतं, म्हणजे दमतोच आहे. डोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हातांचं आता माझं मला कळलं. लायसन पुन्हा करून दिलं नाही तेव्हा आरटीओतल्या त्या खिडकीवरच्या माणसाला मी वाटेल ते बोललो होतो. त्याचंच बरोबर होतं.

बोर्ड उत्तम आहे. लिहिताना त्याला नावं ठेवू नकोस, पोराची भाकरी आहे ती.

बाबा

(मागच्या बाजूला)

पोस्टात टाकायला मलाच देतील, म्हणून मागे लिहिते आहे. चाक खोक्यात घालून माळ्यावर टाकलं त्यांनी. जेवताना हात ताटावर धरून बघत बसतात, थरथरतो का म्हणून. थरथरत नाही, मी पाहिलं आहे. काल दूध उतरवायला सांगितलं तर म्हणाले, मला आता गरम भांड्याला हात लावायला सांगत जाऊ नकोस. हे त्यांचं आधी नव्हतं. रस्ता ओलांडताना माझा दंड धरतात. तुम्ही दोघांनी कौतुकाने दिलंत, मला काही म्हणायचं नाही, पण हे यंत्र घरात आल्यापासून माणूस पंधरा दिवसांत म्हातारा झाला.

आई

२४ मार्च

छोट्यास,

दुकानातला बोर्ड तपासून झाला. तोच प्रोसेसर, तोच पंखा, तेच टेबल, तोच गेम. सुरुवातीला सगळं छान चाललं. अर्धा तास होतोय न होतोय तोच चित्र अडखळायला लागलं. इकडे हात हलवला की पडद्यावर मागाहून हलतं. पट्टीला बोट लावलं आणि झटक्यात काढलं, अजून फुंकर घालते आहे. वीज पुरवणारा भाग इतका तापतो की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुसऱ्या दुकानातून आणखी एक आणला. तोही तसाच.

मग पट्टी सोडवली. पट्टी आणि बोर्ड यांच्या मधे तो मऊ पॅड असतो ना, उष्णता पट्टीपर्यंत नेणारा, त्याच्यावरची पातळ पारदर्शक फिल्म तशीच चिकटलेली होती. आपल्या आईने टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक आजवर काढू दिलेलं नाही, ते मी समजू शकते. पण कारखान्यात? फिल्म काढून पट्टी पुन्हा बसवली. बोर्ड थंड. तुझ्या निवडलेल्या बोर्डाइतकाच थंड.

म्हणजे बोर्ड मुळात चांगला आहे. तुमच्या लोकांनी तो खरोखर चांगला केला आहे आणि मग गुंडाळून ठेवला आहे. आता मला एवढंच सांग. मला पाठवलेल्या बोर्डाची पट्टी तू सोडवलीस तेव्हा त्याच्यावर ही फिल्म होती का?

ताई

२९ मार्च

ताई,

होती.

आधीच्या पॅडवरची फिल्म निळी असायची, लांबून दिसायची. या खेपेला पॅड दुसरीकडून आले, त्यांची फिल्म पाण्यासारखी. पट्ट्या बसवणाऱ्या बायकांना वाटलं असणार की आता फिल्म येतच नाही. त्यांची चूक नाही, त्यांना तासाला इतके बोर्ड पुढे सरकवायचे असतात की नखाने खरवडून बघायला सवड नसते. मी ट्रेमधल्या पहिल्याच बोर्डाची फिल्म हातासरशी काढून टाकली. दुसऱ्याचीही. मग सगळ्यांची. चहा पिता पिता काढल्या असतील, मला ते नीट आठवतही नाही. कुणाला सांगावं असं मनातच आलं नाही. दोष शोधणं तपासणीवाल्यांचं काम. माझं काम एवढंच, की तुमच्याकडे जाईल त्या बोर्डात दोष नको. तो नव्हता. मी खूश झालो आणि खोका बंद केला. तुझं पत्र वाचेपर्यंत यात काही चुकलं असं मला वाटलंसुद्धा नव्हतं, आणि आता दुसरं काही सुचत नाही.

तरी एक मागतो. मला उपदेश करू नकोस, फक्त ऐक. एक अंक थांब. कायम केल्याचं पत्र हातात पडलं की मी स्वतः जाऊन साहेबांना सांगेन, ते गुपचूप दुरुस्त करतील, पुढचा माल चांगला येईल. आता सांगितलं तर पहिला प्रश्न येईल की तुला केव्हापासून माहीत होतं. त्याला मी काय उत्तर देऊ? बाबांची काळजी करू नकोस. त्यांच्यासाठी मी एक बोर्ड निवडून पाठवतो.

छोट्या

२ एप्रिल

छोट्यास,

उपदेश नको म्हणालास, तर नाही करत. सोबत बाबांचं पत्र आहे. त्यांनी लिहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं की वय झालं, आणि मी एक रात्र रडून घेतलं. मग दुकानातला बोर्ड माझ्या टेबलावर अडखळला. मागची बाजूही वाच.

त्यांना सांगायला फोन उचलला होता, ठेवून दिला. हे त्यांनी तुझ्या तोंडून ऐकावं असं वाटतं. शनिवारपर्यंत तू गेला नाहीस तर मी सांगेन, कारण त्याहून जास्त दिवस त्यांना स्वतःच्या हातांना घाबरत ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

पान दहा तारखेला जातं. बोर्ड तापतो, का तापतो आणि घरच्या घरी तो कसा दुरुस्त करायचा, हे त्यात असेल. परीक्षणाचा बोर्ड निवडून आला होता हेही असेल. ते मला कुणी सांगितलं हे ओळखायला तुमच्या साहेबांना ज्योतिषी लागणार नाही. ते मला कळतं. लेखातलं ते वाक्य मी कितीदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते वगळून लेख उभा राहत नाही. तुझ्या ताटात माती कालवते आहे असं वाटतं, आणि तरी मी ते पाठवणार आहे. त्यांना माझ्या पानातून कळायच्या आधी तुझ्याकडून कळलं तर मला बरं वाटेल. ते तुझ्या हातात आहे.

ताई

६ एप्रिल

ताई,

घरून लिहितो आहे. काल आलो. पिशवीत एक बोर्ड होता, निवडलेला, पट्ट्या नीट बसवलेल्या. खरं सांगायचं तर तो गुपचूप बदलून निघून यायचं ठरवलं होतं. बाबांना म्हणणार होतो, सहज साफसफाई केली.

चाक माळ्यावरून काढलं तेव्हा बाबा नको नको म्हणत होते. मी कॉम्प्युटर उघडला आणि त्यांनी मुकाट्याने टॉर्च धरला. हात अगदी स्थिर होता त्यांचा. माझ्याने ते बघवेना. पिशवीतला बोर्ड पिशवीतच ठेवला, त्यांच्याच बोर्डाची पट्टी सोडवली आणि फिल्म त्यांच्यासमोर काढली. सगळं सांगितलं. दोष तुमच्या हातांचा नव्हता, बाबा, आमच्या बोर्डाचा होता, आणि मला माहीत होता.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. चाक लावून खेळायला बसले. घाट लागला, मी मागे उभा होतो, आई स्वयंपाकघराच्या दारात. गाडी सगळी वळणं घेऊन वर गेली. वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला लावली, हात पालथे करून बघितले, आणि मग विचारलं,

“ज्यांच्या घरात तू नाहीस, ते काय करत असतील?”

  नंतर आईने दूध उतरवायला सांगितलं, ते गेले आणि उतरवून आले.

मी आज परत निघतो आहे. उद्या सकाळी आधी साहेबांच्या खोलीत जाणार आहे, मग माझ्या टेबलावर. तू पान पाठव. माझ्यासाठी एकही शब्द मऊ करू नकोस.

छोट्या

१ मे

ताई,

अंक मिळाला. माझं नाव नाही आणि मी सगळीकडे आहे. चांगलं लिहिलं आहेस, माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला एवढंच.

घरून परतल्यावर दुसऱ्याच सकाळी साहेबांना सांगितलं. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न तोच आला, केव्हापासून माहीत होतं. मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून.  त्यांनी गोदामातले खोके उघडायला माणसं लावली. जवळजवळ सगळ्यांत फिल्म होती. विकलेल्या बोर्डांसाठी कंपनीने जाहीर सूचना काढली आहे, तू पाहिली असशील. त्यात चूक कबूल आहे, फक्त कुणाची ते नाही.

कायम होण्याचं बारगळलं. कंत्राट रद्द केलं नाही, पण मला वरून उचलून खाली लाइनवर आणलं आहे, पट्ट्या बसवायच्या टेबलावर. घरमालकाला अखेर खरं सांगितलं. तो म्हणाला, साहेब परत आले वाटतं. राहू दिलंय सध्या.

लाइनवर माझ्या शेजारच्या बाई मला नवशिक्या समजतात आणि पट्टी कशी धरायची ते रोज दाखवतात. मी दाखवू देतो. फिल्म आता त्याही नखाने चाचपून बघतात. पहिले दिवस जड गेले. वर होतो तेव्हा प्रत्येक बोर्ड कुणाच्या टेबलावर जाणार हे मला माहीत असायचं, हा ताईकडे, हा त्या अमक्या परीक्षकाकडे. त्याप्रमाणे हात चालायचा. इथे पट्टा सरकतो, बोर्ड पुढे जातो, खोक्यात पडतो आणि बाहेर जातो. कुठला कुणाकडे जातो ते काही केल्या कळत नाही. त्यामुळे सगळेच नीट करावे लागतात.

तुझा
छोट्या